घरदुरुस्तीसाठी कोणते कर्ज?

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचे जुने घर आहे. गळती, वायरिंग, फरशी मिळून 4 लाखांचा अंदाज आहे. पर्सनल लोन घेऊ का?

उत्तर : कागद पूर्ण असतील तर नको; गृहदुरुस्ती कर्ज मागा. 5 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी हप्ता सुमारे 8,300 रुपये पडतो, पर्सनल लोनला 14 टक्क्यांनी 9,300. एकूण फरक 60 हजारांचा! मात्र घर तारण जाते, इंजिनिअरचे अंदाजपत्रक लागते. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर प्रकरण तिथेच अडते. आधी वारसनोंद करा. बँक पैसे टप्प्याने देते, ठेकेदार मात्र आगाऊ मागतो. त्याला साहित्यापुरतेच द्या. 10 टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा, गळती थांबली की नाही ते तेव्हाच कळते.