सेन्सर दोन्ही नवीन, तरी गिअर तिसऱ्यातच अडकतो? गिअरबॉक्स एवढ्यात खोलू नका

देवगडवाले दादा, तुमचं सगळं वाचलं. जुनी चार गिअरची ऑटोमॅटिक, स्कॅनरवर पी०७२० हा एरर कोड आला म्हणून मेकॅनिकने आउटपुट स्पीड सेन्सर बदलला, हात लागलाच आहे तर इनपुटचाही बदलला, काही दिवस गाडी मस्त, आणि पावसाची मोठी सर पडून गेल्यावर परत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका, मग तिसऱ्यातच अडकून बसते, बंद करून चालू केली की थोडा वेळ बरी. आता तो म्हणतोय गिअरबॉक्स खोलूया. जरा थांबा. क्लच प्लेट जळलेली असेल तर ती पाऊस बघून त्रास देत नाही, त्यामुळे मी तरी आधी वायरिंगच्याच मागे लागेन.

पी०७२० आला म्हणजे आउटपुट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, आणि सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, वायर, अर्थिंग, टीसीएम (गिअरबॉक्सचा कंट्रोल कॉम्प्युटर) सगळंच आलं. सेन्सर बाहेरून दिसतो आणि दोन बोल्टांत निघतो म्हणून पहिला बळी त्याचा जातो. आणि ते तिसऱ्यात अडकणं म्हणजे लिम्प मोड, टीसीएमचा स्पीडच्या आकड्यांवर भरवसा उडाला की तो सोलेनॉइडचा (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) करंट तोडतो, आणि करंट नसताना अशा बऱ्याच जुन्या चार गिअरवाल्यांत तिसराच लागतो. म्हणजे गाडी स्वतःला वाचवतेय, लगेच घाबरायचं कारण नाही.

आता काय करायचं. ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, तो इथे चालणार नाही. कणकवली-कुडाळकडे ज्याच्याकडे टीसीएम उघडणारा स्कॅनर आहे त्याला गाठा आणि कोड वाचून परत येऊ नका, लाइव्ह डेटा लावून बघा. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये आयडलवर टर्बाइनचा (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा, जो इनपुट सेन्सर मोजतो) आरपीएम साधारण इंजिनच्या जवळपास दिसायला हवा, ब्रेक दाबून डी टाकला की तो शून्यावर यायला हवा. एवढं झालं तर इनपुट सेन्सर सध्या तरी बोलतोय. मग चालत्या गाडीत टर्बाइन आणि आउटपुट दोन्हींचा ग्राफ एकत्र ठेवा. एकाच गिअरमध्ये चालताना या दोघांचं गुणोत्तर हलता कामा नये, किती असायला हवं ते मॅन्युअलमध्ये मिळेल. खड्ड्यात चाक आपटलं आणि आउटपुट क्षणभर शून्यावर पडून परत वर आला तर ती वायर किंवा पिन, पैज लावतो, कारण शाफ्ट काय असा क्षणात थांबून परत फिरत नाही. उलट दोन्ही रेषा स्वच्छ आहेत पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बाइन पुढे पळतोय आणि आउटपुट मागेच राहतोय तर मात्र क्लच घसरतोय, तेव्हा मेकॅनिकचं खरं.

कनेक्टर. हा आपल्याकडचा मुख्य आजार आहे, खारा वारा आणि चार महिने ओल, त्यात गाडी आंब्याखाली उभी. मालवणच्या एका गाडीचा असाच सॉकेट सोडला होता, बाहेरून रबर सील एकदम नव्यासारखं आणि आत पिनेच्या बुडाशी हिरवी पूड, इन्सुलेशन थोडं सोललं तर आतली तांब्याची तार काळी पडलेली, बोटभर मागेपर्यंत. अशी तार नुसती साफ करून भागत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची, नवा तुकडा सोल्डर करायचा, वर हीट श्रिंक. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. आणि मल्टिमीटरचा जाड प्रोब सॉकेटच्या भोकात खुपसू देऊ नका कोणाला, पिन फाकते आणि मग नव्या सेन्सरलाही ढिलीच बसते, कदाचित तुमच्याकडे तेच झालं असेल. मग इंजिन चालू ठेवून, ग्राफ बघत, हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवून बघा (पंखा आणि बेल्टपासून हात लांब). उंदरांनी कुठे कुरतडलंय का तेही बघा, आणि काचेखालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत येतंय का. गालिचा उचलून बघा, टीसीएम त्या बाजूला असेल तर पुढचं सांगायला नको.

अर्थिंग दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा गिअरबॉक्सच्या बॉडीला. पॉइंट दोनच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा.

ऑइलचं थोडक्यात. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, ऑइल गरम, गाडी सपाट जागेवर, तेव्हाच लेव्हल खरी (आपल्याकडे सपाट जागा म्हणजे सड्यावर जा). लाल असेल तर उत्तम, काळपट आणि जळका वास वाईट. गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग गाडी अजिबात चालवू नका, पाण्याने क्लच प्लेटचं अस्तर सुटतं.

हे सगळं निस्तरल्यावर कोड पुसून टीसीएमचं लर्निंग (गिअर बदलण्याची त्याने शिकलेली सवय) रिसेट करून घ्या, त्यानंतर थोडे दिवस हलके झटके आले तर चालतं, गाडी शिकतेय. पण पुसल्यावर लगेच पी०७२० परत आला तर ते लर्निंग नव्हे, तो तुम्हाला परत वायरिंगकडेच पाठवतोय.

तोवर लिम्प मोडमध्ये फोंडा घाट चढून कोल्हापूर वगैरे अजिबात नको. तिसऱ्यातच रेटत चढलात तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) तापतो, ऑइल जळतं आणि मग खरोखरच गिअरबॉक्स खोलायची पाळी येते.

दोन्ही आरपीएमच्या ग्राफचा स्क्रीनशॉट टाका इथे. आणि जुने सेन्सर फेकले नसतील तर त्यांच्या टोकाचा फोटो पण टाका, चुंबकाला करडा मऊ लेप असेल तर चालायचंच, पण धातूचे टोचणारे कण दिसले तर मी वर लिहिलेलं अर्धं बाजूला ठेवून वेगळं बोलू.