हॉल, ड्रोन आणि पांढरा फ्रॉक

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी वसईची, सासरही वसईतच. मुलगी तिसरीत आहे आणि मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये ती पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीचं झालं तेव्हा हॉल, डीजे, फुलांची कमान, ड्रोन शूटिंग, साडेतीनशे माणसं, सगळं होतं. आता मिस्टर म्हणतात आपण कमी केलं तर नातेवाइकांत नाक कापलं जाईल, तीन लाखांचं पर्सनल लोन काढू. मला नकोय, पण खरं सांगू का, आतून मलाही हवंच आहे. रात्री रोझरी म्हणताना एका हातात मणी असतात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात नणंदेचे फोटो. घर आहे, नोकरी आहे, मुलं धडधाकट आहेत, तरी समाधान म्हणून नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?
– एक वाचक, वसई

उत्तर: अगं, श्रद्धेचं नंतर बघू, आधी लोनचं बघू. तीन लाख, समजा चौदा टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सव्वादहा हजारांच्या आसपास हप्ता बसतो आणि वर साधारण ६९ हजार नुसतं व्याज जातं. म्हणजे मुलीची सहावी संपत येईल तेव्हा तिच्या तिसरीतल्या जेवणाचे पैसे फिटतील. हे एका कागदावर लिही आणि फ्रिजला चिकटव, मिस्टरांशी भांडू नकोस, नुसतं चिकटव.

आता मुलीकडे येऊ. पूर्वी मुलांना पहिलं कम्युनियन बरंच उशिरा मिळायचं, दहा-बारा वर्षांचं झाल्यावर, कुठे कुठे त्याहूनही उशिरा. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वय खाली आणलं, साधारण सात वर्षांवर, आणि अट काय ठेवली तर लेकराला साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक आपल्या परीने कळला पाहिजे. बस, एवढंच. मी नगरकडची, आमच्या चर्चमध्ये पद्धत वेगळी आहे, पण मला ही गोष्ट फार आवडते, की इतक्या मोठ्या गोष्टीसाठी इतकीशी अट ठेवली. तुझी मुलगी ती अट पुरी करते. हॉलची अट कुणी घातली ते शोध, तुला रोमपर्यंत जावं लागणार नाही, बहुतेक दोन गल्ल्या पलीकडेच सापडेल.

आणि हे नवीन आहे असं समजू नकोस. पहिल्या शतकात करिंथ नावाचं ग्रीक बंदराचं शहर होतं, व्यापाराचं, पैसा खुळखुळणारं, तिथल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी नेमकं हेच चालायचं. ज्याच्याकडे आहे तो आपलं जेवण पुढे ओढून खायचा, कुणी उपाशी राहायचा आणि कुणी पिऊन तर्र व्हायचा. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून चांगलं झापलंय, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. तो विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? त्याचा राग खर्चावर नाहीये गं, लाजवण्यावर आहे. तुझ्या मुलीच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात एखादी रिक्षावाल्याची नाहीतर घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी असेलच. तिचा पांढरा फ्रॉक कदाचित मोठ्या बहिणीचा असेल. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दोघींना एकच ख्रिस्तप्रसाद मिळणार आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासात त्या दोघींमध्ये ड्रोन येणार.

तू विचारलंस श्रद्धा कमी पडते का. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय एका बैठकीत सबंध वाच. आपण नेहमी शेवटचा तुकडाच वाचतो, आकाशातली पाखरं, रानातली फुलं, उद्याची चिंता करू नका, तो गोड आहे, कॅलेंडरवर छापतात. पण सुरुवात बघ कुठून होते. लोकांनी बघावं म्हणून दानधर्म करू नका, लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करू नका, उपास करताना तोंड पाडून फिरू नका. त्याच्यानंतर येतं पृथ्वीवर धन साठवू नका, आणि मग सगळ्यात शेवटी चिंता. मला वाटतं हा क्रम उगाच आलेला नाही. आधी लोकांच्या नजरेत जगायचं, त्या नजरेसाठी वस्तू जमवायच्या आणि मग त्या वस्तूंची, हप्त्यांची, उद्याची काळजी करत बसायचं. आपण चिंतेवर औषध शोधतो आणि दुखणं असतं पहिल्या चार ओळींत. तुझं समाधान पैशाअभावी गेलेलं नाही, घर-नोकरी-मुलं सगळं तूच पत्रात मोजून दाखवलंस. ते गेलंय नणंदेच्या नजरेपायी. आणि येशू त्यावर काय देतो, तर दुसरी नजर देतो, गुप्तात बघणाऱ्या पित्याची. त्या नजरेत तुझ्या मुलीचा मार्क वाढवायला काही लागत नाही, हे एकदा खरंच पटलं ना की साडेतीनशे माणसांचा धाक आपोआप कमी होतो. लगेच होत नाही, पण होतो.

तुमच्या वसईत हे जास्त अवघड आहे हे मला कळतं. केळीच्या वाड्या, पानवेली, मोगरा यांवर जगणारी माणसं, आणि एका पिढीत जमिनीला सोन्याचा भाव आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली, जमीन आणि पाणी वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. पण जमीन विकून आलेला पैसा घरात शिरल्यावर बंगल्याला बंगला आणि लग्नाला लग्न अशी जी चढाओढ लागते तिच्यावर मोर्चा नेता येत नाही, ती ज्याची त्याने घरात बसून सोडवायची. तुझ्या मिस्टरांना पैशाची हाव आहे असं मला पत्रावरून वाटत नाही, ते घाबरलेत. थोरल्या बहिणीसमोर कमी पडायला घाबरलेत. त्यांच्यावर बायबलची वचनं फेकू नकोस. विचार, तुमच्या स्वतःच्या कम्युनियनच्या दिवशी काय काय झालं होतं? बहुतेकांना आदल्या दिवशीच्या पापनिवेदनाची भीती आठवते, टाळूला चिकटलेला ख्रिस्तप्रसाद आठवतो, आजीने कपाळावर केलेला क्रूस आठवतो. केटररचं नाव कुणाला आठवत नाही.

मग करायचं काय? मिस्सेनंतर घरी जवळची तीस-चाळीस माणसं, जेवण घरचं किंवा ओळखीच्या बाईंकडून, फोटो काढायला चुलतभाऊ पुरे. फादरांना जाऊन भेट आणि विचार की सगळ्या मुलांचा मिळून चर्चच्या आवारात चहा-नाश्ता ठेवता येईल का, खर्च ज्याला जमेल त्याने उचलावा आणि कोणी किती दिले ते कुणाला सांगू नये. तुझ्यासारख्या आणखी चार आया नक्की निघतील, त्यांनाही कुणीतरी पहिलं म्हणायला हवं असतं.

आणि एक, कृपा करून व्हॉट्सॲप स्टेटसवर ‘आम्ही मात्र साधेपणाने केलं’ असं टाकू नकोस. साधेपणाचाही शो असतो आणि तो ड्रोनपेक्षा वाईट, कारण त्यात दुसऱ्याला टोमणा असतो. नणंदेला बोलाव, तिलाच केक आणायला सांग, तिच्या हातचा चांगला असेल तर.

फोटो बघायची खोड लगेच जाणार नाही. दहा आज्ञांमधली शेवटची आज्ञा, शेजाऱ्याच्या घराचा, त्याच्या बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको, ही एकच अशी आहे की मोडली तरी पोलिसांना काय, नवऱ्यालाही कळत नाही. म्हणून रोझरीच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, आणि एक दशक, म्हणजे दहा मणी, नणंदेसाठी म्हण. दात-ओठ खाऊन म्हटलंस तरी चालेल.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, वय २९. घरचे जुन्या वळणाचे, ते म्हणतात आहे त्यात समाधान मान. मी हल्ली ज्या चर्चला जातो तिथे सांगतात की विश्वास धर, बी पेर, म्हणजे ऑफरिंग दे, देव शंभरपट देईल, गाडी-फ्लॅट सगळं देवाला तुला द्यायचंय. दोन्हीकडे वचनं आहेत. प्रमोशन मागणं पाप आहे का? – एक तरुण वाचक

उत्तर: नाही रे, पाप कसलं. पौल स्वतः तंबू बनवून पोट भरायचा, कामगाराला मजुरी मिळालीच पाहिजे हे बायबल पानोपानी सांगतं. अप्रेझलला जा, नीट तयारी करून जा, हक्काचं मागून घे.

पण त्या ‘शंभरपट’वाल्यांपासून जरा जपून. देवाला गुंतवणूक योजना केली की काय होतं, परतावा आला नाही तर माणूस म्हणतो माझाच विश्वास कमी, आणि आणखी पेरतो. मी यात कर्जबाजारी झालेली घरं बघितलीत. तुझ्या चर्चच्या भिंतीवर, नाहीतर तुझ्या गाडीच्या काचेवर, एक वचन असेलच, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे. फिलिप्पै ४:१३. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, जिमला, सगळीकडे चालतं ते. जरा वरच्या दोन ओळी वाच. पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवलीय, आणि तो आभाराचं पत्र लिहितोय, की मला उपाशी राहताही येतं आणि भरल्या पोटीही राहता येतं, हे मी शिकलोय. ‘सर्व काही’ म्हणजे हे! प्रमोशन मिळालं तरी डोकं ठिकाणावर ठेवणं आणि नाही मिळालं तरी ठेवणं.

घरच्यांना एवढंच सांग की पौलाने दोन्ही शिकल्याचं म्हटलंय. गरिबीत समाधानी राहणं अवघड खरंच, पण पगार दुप्पट झाल्यावर राहणं हा वेगळाच विषय, त्याला क्लास नाहीत. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे, दारिद्र्यही देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, फार झालं तर मी तुला विसरेन आणि कमी पडलं तर चोरी करेन. इतकी प्रामाणिक प्रार्थना मी कुठल्याच कन्व्हेन्शनमध्ये स्टेजवरून ऐकली नाही. पगारवाढ मिळाली की पहिल्याच महिन्यात वाढीतला ठरावीक भाग बाजूला काढ, गावाकडच्या एखाद्या मुलीची फी भर, पावती नको, नावाची पाटी नको. पैसा वाढला तसा हात मोकळा झाला की आवळला हे तुला तिथेच कळेल.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, पण सदर वाचतो. समाधान हे गरिबांना गप्प बसवायचं औषध नाही का? आणि ‘ठेविले अनंते’ आमच्या तुकोबांनी सांगितलंच होतं, मग तुमचं वेगळं काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: मागून सुरुवात करते. तुकोबा तुमचेच कसे हो, आमचेही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी त्यांनी अभंग सोडला नाही, आणि १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी त्यांची कल्पना होती. तेव्हा वेगळं काय यावर वाद घालायला मला फारसा उत्साह नाही.

औषधाचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे, तसं वापरलं गेलंय आणि चर्चमध्येही वापरलं गेलंय. मजुराला समाधान शिकवणारा मालक ढोंगीच. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत आणि ती मजुरी ओरडतेय. समाधान माझ्या गरजांबद्दल ठेवायचं, शेजाऱ्याच्या भुकेबद्दल ठेवायचं नसतं.

पंडिता रमाबाई बघा. संस्कृतच्या विदुषी, इंग्लंड-अमेरिका फिरून आलेल्या, मनात आणलं असतं तर आरामात जगता आलं असतं. त्या साध्या पांढऱ्या लुगड्यात राहिल्या. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली-बायका घेऊन आल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हाती दिलं. पुढे बायबलचं मराठी भाषांतर केलं ते तिथेच छापलं. आता या बाईला समाधानी म्हणायचं की असमाधानी? स्वतःपुरतं तिला काही नको होतं आणि दुसऱ्यांसाठी तिला कधीच पुरेसं वाटलं नाही.

प्रश्न: मुलगा अकरावीत. म्हणतो युथ ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आयफोन आहे. घ्यावा का? – एक आई, नाशिक

उत्तर: ‘सगळ्यांकडे’ म्हणजे मोजायला लावा, तीन-चारजण निघतील. साधा चांगला फोन द्या, वरचे पैसे त्याने सुट्टीत कमवावेत. आणि युथ ग्रुपच्या लीडरशी एकदा बोलून घ्या, त्याच्याकडे कुठला आहे तेही बघा.