सिग्नलला आलं की गाडी बंद!

प्रश्न: माझी मारुती 800 एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी) आहे, 2004 ची, एसीवाली. सकाळी सेल्फ मारला की मस्त चालू होते, पण एकदा गरम झाली की सिग्नलला पाय काढताच बंद. एसी लावला की हमखास. मेकॅनिकने स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली, आता बंद पडत नाही पण नुसती घोंघावते आणि पेट्रोल पिते. आयडल मोटर नवीन टाका म्हणतोय. टाकू का? (सांगली)

उत्तर: थांबा, इतक्यात काही टाकू नका. आधी तो स्क्रू मूळ जागी आणा. हा स्क्रू थ्रॉटल, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी मोठी झडप, पूर्ण मिटताना अडकू नये म्हणून कंपनीने लावलेला असतो, रेस वाढवायला नाही, पण आपल्याकडे स्क्रू फिरवून रेस लावायच्या जुन्या कार्बोरेटरची सवय हाताला इतकी बसलीय की बॉनेट उघडलं की पहिला पाना तिथेच जातो! तो आत घेतला की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, वाटतं तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरच आहे, मग तो आयडल (पाय काढल्यावरची चाल) सांभाळायचंच सोडून देतो.

आता गरम झाल्यावरच का? तर पाय काढला की मोठी झडप मिटते आणि इंजिनला हवा मिळते ती बाजूच्या बारीक वाटेने, आयडल व्हॉल्व्हमधून, मेकॅनिक म्हणतोय ती आयडल मोटर हीच. थंड इंजिनला ईसीयू ही वाट भरपूर उघडून देतो म्हणून कार्बन असला तरी भागतं, गरम झाल्यावर मात्र अगदी थोडी उघडायची असते आणि तेवढी जागा कार्बनने आधीच खाल्लेली असते. त्यात 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसला की मान टाकणारच.

एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाईप काढा आणि हाताने झडप उघडून आत बघा. कडेला काळी चिकट रिंग दिसेल, ब्रीदर पाईपमधून येणाऱ्या ऑइलच्या वाफेची. इंजिन थंड असताना थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा, कोपऱ्यात जुना टूथब्रश चालतो. सेन्सरवर थेट स्प्रे नको. आयडल व्हॉल्व्ह काढलात तर आतली पिन हाताने ओढाताण करू नका, आणि ओ-रिंग (त्याखालची गोल रबरी रिंग) चिरलेली असेल तर बदलाच, नाहीतर तिथूनच हवा घेईल.

हवेवरून आठवलं, व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनच्या शोषणाला जोडलेले बारीक रबरी पाईपही बघून घ्या, वीस वर्षांत रबर कडक होऊन टोकाला तडकतं. गाडी चालू ठेवून एकेक पाईप कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबा, ज्याला दाबल्यावर आवाज सुधारला तो चोर. या गाडीला आरपीएम मीटर नाही त्यामुळे कानच वापरायचा. सगळं झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा म्हणजे ईसीयू जुनी सवय विसरेल, मग जोडून एसीशिवाय गाडी तशीच गरम होऊ द्या. एवढं करूनही एसी लावल्यावर बंद पडली तर मोटरचा विचार करू.

प्रश्न: कार्बोरेटरची जुनी गाडी आहे, चोक ओढून ठेवला तरच स्लोला चालते. (रत्नागिरी)

उत्तर: स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक, चोंदलाय बहुतेक. चोक ओढून फिरू नका, पेट्रोल जास्त जाऊन प्लग काळे होतील. जेट काढून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका. तार घालायची नाही बरं का, भोक मोठं झालं की जेट गेलाच.