मी तुझा फोन परत का दिला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी तू फोन बंद करून माझ्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, ‘‘काका, पूर्वपरीक्षा होईपर्यंत हा मला देऊ नका. मी मागितला तरी देऊ नका.’’ दुपारी अडीच वाजता तू परत आलास. बँकेचा ओटीपी येणार आहे, एवढेच म्हणालास. मी खण उघडला, फोन दिला आणि एक शब्दही बोललो नाही. संध्याकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात तू मला थांबवून विचारलेस, ‘‘पण तुम्ही दिलात कशाला?’’ तेव्हा तुझा आवाज भरून आला होता. जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखे ते उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

फोन परत दिला, कारण तू माझ्याकडे निश्चय घेऊन आला होतास आणि नोंद एकही आणली नव्हतीस. एकतीस वर्षे मी पतसंस्थेत हिशेब लिहिले. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहिलेली नसताना कोणी ताळेबंद मागितला, तर तो कितीही मोठा माणूस असो, मी त्याला परत पाठवत असे. तुझा तीन महिन्यांचा निश्चय हा रोजकीर्दीवाचून मांडलेला ताळेबंद आहे. आधी नोंद, मग निश्चय. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल आणि त्याचा कंटाळा आला तरी मी ते गाळणार नाही.

तुझी अवस्था मला दिसत नाही असे समजू नकोस. गेल्या महिन्यात दुपारी तू 14 नंबरच्या टेबलावर डोके टेकून झोपला होतास. फोन चार्जिंगला लांब होता. तरीही तुझ्या उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या सनमायक्यावर खालून वर, खालून वर सरकत होता. मी पंखा कमी करायला आलो होतो तो तसाच उभा राहिलो. फार वाईट वाटले.

हे का होते ते नीट समजून घे, कारण तू स्वतःला आळशी आणि नालायक म्हणतोस ते मला अजिबात मान्य नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक इतक्या वेळा चोच मारली की दाणा मिळतो, असे असेल तर कबुतर दाणा खाल्ल्यावर काही काळ थांबते. पण कितव्या चोचीला दाणा पडेल हे अनिश्चित ठेवले, तर ते जवळजवळ न थांबता चोच मारत राहते. आता तुझे अभ्यासाचे ग्रुप आठव. जाहिरात आली का, तारीख पुढे गेली का, उत्तरतालिका लागली का, या चौकशांनी भरलेल्या शेकडो संदेशांत एखादाच खरा निघतो आणि तो केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. तुझ्या स्पर्धा परीक्षेची अनिश्चितताच तुझ्या फोनचा दाणा झाली आहे. इतर मुलांची अडचण रील्सची असेल. तू मात्र ‘अभ्यासाचेच पाहतो आहे’ अशा समजुतीत फोन उघडतोस आणि चाळीस मिनिटांनी भलतीकडेच सापडतोस. त्यात ते पडदे असे रचलेले असतात की त्यांना तळ नसतो. पुस्तकाचे पान संपले की मन क्षणभर विचारते, आता उठू का? तो प्रश्न पडण्याची जागाच तिथे काढून टाकलेली आहे. सन 2006 मध्ये ही न संपणारी रचना तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

‘‘मी अ‍ॅडिक्ट आहे का?’’ असे तू दोनदा विचारलेस. नाव मिळाले की माणसाला सुटल्यासारखे वाटते, म्हणून मी या प्रश्नावर थोडा चिडतो. तरी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे. सगळ्या इंटरनेटचा मिळून असा वेगळा आजार त्यात नाही. त्या विकाराच्या खुणा तीन आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकीच्या गोष्टींपेक्षा त्यालाच अधिकाधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, आणि हे साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालते, म्हणजे डॉक्टर मंडळी हा विषय थट्टेवारी नेत नाहीत. पण या तीन खुणा तुला लागू आहेत की नाहीत, हे तू कशावरून सांगणार? नोंद कुठे आहे? पुन्हा तेच. आधी नोंद, मग निश्चय.

हा माझा हट्ट पुस्तकातून आलेला नाही. सन 2017 मध्ये माझा मुलगा बारावीला असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर गेम खेळत असे. आदल्या सप्टेंबरपासून डेटा जवळजवळ फुकट झाला होता आणि घरोघरी हेच चालले होते. मी समजावले, ओरडलो, त्याच्याकडून आईच्या गळ्याची शपथ घेववली, आणि एका रात्री त्याच्या हातातून फोन ओढून उंबऱ्यावर आपटला. त्यानंतर त्याने फोन मागितला नाही आणि माझ्याशी बोलणेही जवळपास थांबवले. पुष्कळ वर्षांनी त्याने मला एकदाच सांगितले की, सहामाहीत फिजिक्समध्ये तो नापास झाला होता, ती गुणपत्रिका त्याने लपवली होती आणि रात्री अकरा ते दोन हीच अशी वेळ होती की जिथे त्याला कोणी मार्क विचारत नव्हते. रुपया रुपया खतावणीत चढवणाऱ्या बापाने एक रात्रही शेजारी बसून पाहिले नाही की पोरगा फोन उचलतो त्याच्या आधी काय झालेले असते. अर्थात, मी फोन फोडला नसता तर तो परीक्षेला बसला तरी असता का, हा प्रश्न आजही माझ्या मनात आहे. तो बसला, पास झाला, आज नोकरीत आहे. मी गप्प राहिलो असतो तर काय झाले असते ते कोणी सांगू शकत नाही, आणि ज्यांनी जळते घर पाहिलेले नाही त्यांनी मला कठोर म्हणू नये. पण पाहिले नाही, विचारले नाही, ही चूक माझीच आणि तिला दुसरी बाजू नाही.

पुढे पत्नी गेल्यावर मीही तसाच अडकलो. जुनी भाषणे, भजने, स्वयंपाकाचे व्हिडिओ, काय वाटेल ते पाहत रात्रीचा एक वाजायचा. तीनदा निश्चय केला, तीनदा मोडला. चौथ्या वेळी वही घातली. महिन्याभराने मोजले, तर एकतीसपैकी तेवीस नोंदींच्या आधी एकच गोष्ट होती: मुलाचा फोन येण्याची वेळ टळून गेलेली असे. ज्याला मी माझे व्यसन म्हणत होतो ते वाट पाहणे होते. त्यानंतर त्या वेळेला मीच त्याला फोन करू लागलो. तो दोन मिनिटे बोलतो. तेवढ्याने माझी झोप परत आली.

म्हणून तुला चार रकाने आखायचे आहेत: वेळ, त्याच्या आधी काय चालले होते, काय उघडलेस आणि किती वेळ गेला. पहिला, तिसरा आणि चौथा रकाना तुझा फोनसुद्धा भरून देतो. दुसरा फक्त तूच भरू शकतोस आणि सगळा जीव त्यातच आहे. ‘सी-सॅटच्या पेपरातले गणित अडले’, ‘बरोबरच्या मुलाच्या निवडीचा फलक चौकात पाहिला’, ‘घरी पैसे मागायचे होते’, असे नेमके लिही. ‘कंटाळा आला’ असे लिहून आणलेस तर मी पान परत करीन. चौदा दिवस काहीही सोडायचे नाही, स्वतःला शिव्याही द्यायच्या नाहीत, फक्त लिहायचे.

नोंद झाल्यावर निश्चय कर, आणि तोही लहान. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावातले टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे, असे गावाने ठरवले. दीड तास! वेळ ठरलेली, संपण्याची घटकाही ठरलेली आणि सगळे गाव सोबत. तू एकट्याने तीन महिने मागत होतास. दारू सोडणाऱ्याला सांगतात, फक्त आजचा दिवस. तुला तर फोन पूर्ण सोडताही येणार नाही, कारण हॉल तिकीट त्यावर, तासिका त्यावर आणि आईचा आवाजही त्यावर. ही गोष्ट दारूपेक्षा जेवणाच्या जवळची आहे. उपास करून भागत नाही, पंगतीत बसून हात आवरता यावा लागतो.

बाकी किरकोळ गोष्टी तुला ठाऊक आहेत. नोटिफिकेशन बंद कर, फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, आणि रविवार पेठेतून गजराचे साधे घड्याळ आण. मात्र झोप पार उडाली, जगण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर वहीची वाट पाहू नकोस. रात्री-अपरात्री मला उठव, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोल. तिथे मराठीतही बोलता येते. यात मी कोणतीही सबब ऐकणार नाही.

तुझ्या टेबलावर लाल बांधणीची शंभर पानी वही ठेवली आहे. रकाने आखून दिले आहेत आणि पहिली नोंद मीच केली आहे: मंगळवार, दुपारी 2.30. दुसरा रकाना मोकळा सोडला आहे. ओटीपी आला नव्हता हे मला माहीत आहे. त्या दिवशी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी काय झाले होते, ते तिथे लिही आणि शनिवारी चहाच्या वेळी वही घेऊन ये.

तुझा,
काका