टेक्सासमध्ये भावाने नवीन .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतलीय. कशी असते, रानडुकराच्या शिकारीला चालेल का आणि अशी इथे ठाणे शहरात लायसन्सवर मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, तो विषय संपला, खाली दोन ओळी लिहितो त्यावर. दुसऱ्याचं उत्तर असं की तिकडचा कायदा अडवत नाही पण मी म्हणेन अजिबात नको, आणि का नको हे सांगायचं तर माझ्या साडूंची गोष्ट सांगावी लागेल. ते हे वाचतील याची मला पूर्ण कल्पना आहे. वाचू देत.

मी वर्तकनगरला, साडू डोंबिवलीला. मी बँकेतून रिटायर, ते रेल्वेतून. त्यांचा मुलगा ऑस्टिनला असतो आणि एका मार्चमध्ये आम्ही दोघं जोडीने एकाच वेळी तिकडे होतो. बायका मॉलमध्ये आणि आम्ही दोघे घरात, सकाळ-संध्याकाळ चहा आणि यूट्यूब. साडूंना बंदुकांच्या व्हिडिओंचा जबरदस्त नाद, कुठल्या रायफलीत किती गोळ्या ते तोंडपाठ, आयुष्यात कधी हातात धरली नव्हती ही गोष्ट वेगळी. पोराला दया आली असावी, म्हणाला बाबा, काका, शनिवारी एका मित्राच्या रँचवर नेतो, रायफल मारून बघा, डुक्कर आलं तर तेही बघू.

आता एक गोष्ट जी यूट्यूबवाला सांगत नाही. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. पण आपण टुरिस्ट व्हिसावर गेलेले. त्यांच्या फेडरल कायद्याने व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे डुकरासाठी लायसन्स नको, पण बंदुकीला हात लावायला हवं. पोराने आम्हा दोघांना पाच दिवसांचं नॉन-रेसिडेंट लायसन्स काढून दिलं. तिकडे २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, आम्ही दोघं त्याच्या आधीचे, म्हातारे असल्याचा एवढा एक फायदा झाला.

रायफल कशी वाटली ते सांगतो, ते तुम्ही खरंच विचारलंय. सेमी-ऑटो म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते, ट्रिगर तेवढा दर वेळी दाबायचा. .२२ सेमी-ऑटो म्हटलं की रुगरची १०/२२ डोळ्यासमोर येते, १९६४ पासून निघतेय, आत फिरत्या चकरीचं दहा गोळ्यांचं मॅगझिन. पोराची त्याच धर्तीची दुसऱ्या कंपनीची होती. पहिलं इम्प्रेशन म्हणजे हलकी. अडीच किलोच्या आतबाहेर. धक्का जवळजवळ नाहीच, खांद्याला कोणी बोट लावल्यासारखं. ट्रिगर मात्र जड आणि खरखरीत, दाबत जातो दाबत जातो आणि कधी सुटणार कळत नाही. स्वस्तातल्या गोळ्यांचा डबा होता, पन्नासेक राउंडमध्ये एकदा रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या जागीच अडकून उभी राहिली, बोल्ट ओढून झटकली की परत चालू. डबे, बाटल्या, कागदाचं टारगेट, मजा आली, खोटं कशाला बोलू. खारी-सशांसाठी तर ही रायफल एकदम झकास, तिचं काम तेच. तिकडे पोरं शिकतातच हिच्यावर.

पण माझ्या हाताला वेगळी सवय. मी कॉलेजात एनसीसीला होतो, ८५-८६ साल, .२२ डिलक्स रायफल, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन. आमच्या उस्तादांनी पहिला आठवडाभर गोळी दिलीच नाही. रिकामी रायफल घेऊन पालथं झोपायचं, नळीच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं की परत पहिल्यापासून. कोपरं सोलून निघाली. मग मिळाले मोजून पाच राउंड. त्याआधी गावाला मुरबाडकडे आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीची बंदूक होती, तिचा बार एकदा काढला की परत दारू, चिंध्या, छर्रे ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात. आजोबा रात्रभर माळ्यावर बसून बार न काढता सकाळी घरी यायचे आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटायचा नाही. साडूंना हे कितीदा सांगितलंय. ते म्हणतात बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे आजोबांचीच टेक्नॉलॉजी.

तर संध्याकाळी आम्ही तिघं लाकडी खोपटात. पानाच्या टपरीएवढं, पुढे आडवी खिडकी, समोर पन्नास-साठ मीटरवर फीडर, म्हणजे पिंपाखाली चकती असते, ती ठरलेल्या वेळी फिरून मका उडवते. ठरलं असं होतं की डुक्कर आलं तर ते .३०८ ने, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या रायफलीने, ती बोल्ट अ‍ॅक्शन होती आणि माझ्याकडे होती, कारण दोघांत गोळी झाडलेला मीच. साडू माझ्या डाव्या हाताला, मांडीवर .२२, खार दिसली तर म्हणून. मधे पोरगा थर्मासमधून कॉफी ओततोय.

सव्वासहाला चकती फिरली. दहा मिनिटांनी झुडपातून एकटाच नर आला, काळा, मानेवरचे केस उभे, तोंड आमच्याकडे. समोरून मारायचं नसतं, तो आडवा होईपर्यंत थांबायचं. मी रायफलीवरच्या दुर्बिणीतून त्याचा कान बघतोय, तो मका खातोय, हळूहळू वळतोय. मी अर्धा श्वास सोडला, सेफ्टी काढली, आणि डावीकडून टक्. मग टक्टक्. मग मोजता येणार नाही असं टकटकटकटक. या रायफलीच्या पुंगळ्या उजवीकडे उडतात, उजवीकडे मी. एक माझ्या मनगटावर, एक सरळ शर्टाच्या बाहीत, आणि .२२ ची का असेना, ताजी पुंगळी चटका देते. मी हात झटकेपर्यंत डुक्कर किंचाळलं, गर्रकन फिरलं आणि झाडीत गडप.

"लागली! लागली!" साडू उभे. पोराच्या पॅन्टवर कॉफी.

अर्धा तास थांबलो, तसं थांबायचं असतं, मग टॉर्च घेऊन निघालो. निवडुंगाच्या एका पानावर रक्ताचे दोन थेंब, पुढे दगडावर एक, मग काहीच नाही. दोन तास. रँचचा मालक पण आला, साठीचा शांत माणूस, तो आमच्यापुढे वाकून वाकून बघत चालत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डुक्कर सापडलं नाही. कुठेतरी पोटात गोळी घेऊन पडलं असणार, मरायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. तिकडे रानडुक्कर म्हणजे उपद्रवच, शेतीचं वाटोळं करतात, त्यांना मारण्याबद्दल माझी तक्रार नाहीच, मुरबाडकडचा माणूस मी, भाताची नासाडी बघितलीय. पण असं नाही.

आकडे बघा म्हणजे कळेल. .२२ ची गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर, नळीतून निघताना ताकद दोनशे ज्यूलच्याही खाली. .३०८ ची साडेतीन हजारांच्या आसपास. आणि मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढालीसारखा थर असतो. .२२ ने डुक्कर मारल्याचे व्हिडिओ आहेत, हो, पिंजऱ्यात अडकलेलं, हातभर अंतरावरून, डोक्यात. मोकळ्या रानात साठ मीटरवर नाही. हरणासाठी तर टेक्सासमध्ये रिमफायर म्हणजे .२२ सारखी काडतुसं चालतच नाहीत, कायद्यालाही तेवढं कळतं.

आता वादाचं सांगतो. साडू म्हणतात तीन गोळ्या झाडल्या. मी त्या रात्री खोपटात टॉर्च मारून पुंगळ्या गोळा केल्या. चार फळ्यांवर, दोन खाली गवतात, एक माझ्या बाहीत. सात. साडूंना त्या आठवण म्हणून घरी आणायच्या होत्या आणि मीच म्हणालो, वेड लागलंय का, एअरपोर्टवर बॅगेत काडतूस सापडलं की आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, रिकामी आहे की भरलेली ते पोलिसांना समजावण्यातच फ्लाइट जाईल. पोराच्या घरी कचऱ्यात टाकल्या. पुरावा मीच नष्ट केला. तेव्हापासून तलावपाळीला चकरा मारताना, लग्नकार्यात, दिवाळीला, तीन की सात. आणि वर त्यांचा ठरलेला टोला, "अहो, तुमच्या हातात तोफ होती आणि तुम्ही श्वास मोजत बसलात. माझी लागली तरी."

याला माझ्याकडे उत्तर नाही हे कबूल करतो. दोन सेकंद आधी मी मारू शकलो असतो का, कदाचित. पण माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांची पहिली गोळी कुठे गेली हे त्यांना आजही सांगता येत नाही, कारण ती पोचायच्या आत दुसरी निघाली होती. हातात दहा आहेत हे बोटाला माहीत असतं. बोल्ट ओढावा लागला असता तर तेवढ्या वेळात निदान डुकराकडे बघितलं असतं. यूट्यूबवर ऐकून ते म्हणतात सेमी-ऑटो जगभर शिकारीला चालते. सरसकट नाही चालत. जर्मनीत शिकारीच्या सेमी-ऑटोत एका वेळी तीनच गोळ्या, मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये एक. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात २०१७ मध्ये छोट्या शिकारीला परवानगी मिळाली, हरणाला नाही. हे मी त्यांना प्रिंट काढून दाखवलंय.

तरी प्रामाणिकपणे सांगायला हवं की दोष सगळा सेमी-ऑटोचा नाही. युरोपात हाक्याच्या शिकारीत, जिथे डुकरं पळत येतात, ब्राउनिंग कंपनीची 'बार' नावाची सेमी-ऑटो कित्येक जण वापरतात, पण ती मोठ्या काडतुसाची आणि वापरणारे रेंजवर तयार झालेले. टेक्सासमध्येही कळपच्या कळप येतात तिथे मोठ्या काडतुसाची सेमी-ऑटो कामाची असते, हे पोरगाही म्हणाला. साडूंना हे वाक्य सांगू नका.

तुम्ही गेलात तर .२२ डबे फोडायला वापरा, पोटभर. डुकरासाठी भावाकडून किंवा रँचवाल्याकडून .३०८ नाहीतर तशीच काहीतरी घ्या आणि आदल्या दिवशी कागदावर वीस गोळ्या मारून बघा. ट्रिगरची सवय इथे ठाण्यातही होते, ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ ची, २० ज्यूलच्या खालची एअर रायफल घ्या, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे तिला लायसन्स लागत नाही, आणि नाण्याचा प्रयोग करा. फक्त ती घेऊन येऊरला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकार बंद आहे, एअरगनने मारलेला ससासुद्धा गुन्हाच, आणि येऊर नॅशनल पार्कात येतं. शेतीचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची रीतसर परवानगी हा वेगळा रस्ता आहे, तो शेतकऱ्यांसाठी, घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यासाठी नाही. सेमी-ऑटो रायफल आपल्याकडे साध्या माणसाच्या लायसन्सवर येत नाही. शिकारीची हौस दाखवून अर्ज केलात तर पोलीस कमिशनर ऑफिसमधला माणूस तुमच्याकडे कसा बघेल ते मला बघायचंय.

.२२ लहान म्हणून हलक्यात घेऊ नका हेही राहिलं. काडतुसाच्या डब्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, दगडावर आपटली की कुठेही उसळते.

आणि एक, हे वर लिहायला हवं होतं. तुमचा भाऊ ग्रीन कार्डवाला आहे की एच-वन-बी वर, ते आधी विचारा. एच-वन-बी वर असेल तर व्हिसाचा तोच नियम त्यालाही लागू, चालू हंटिंग लायसन्सशिवाय ती रायफल त्याच्या घरात असणंच भानगडीचं आहे. लायसन्सची तारीख संपली असली तरी तेच. तुम्ही तिकडे जायच्या आत त्याला फोन करा.