पुष्पकची जुनी लॉगबुकं रद्दीत घालू नका

काकांच्या पुष्पकची, म्हणजे त्या जुन्या छोट्या विमानाची, लॉगबुकं (उड्डाणाचे तास आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या) वाळवीनं खाल्लीत, तर नोंदी नव्या वहीत उतरवून जुनी टाकून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू. मी नेमकं हेच करून बसलो होतो.

नोंदणी, मालकीचं तुम्ही पाहिलंच असेल. आम्ही तिघा मित्रांनी घेतलेलं पुष्पक सोलापूरला होटगी रस्त्यावर एका शेडमध्ये होतं. वह्या पावसात भिजलेल्या. तीन रविवार बसून मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि जुन्या वह्या रद्दीत दिल्या. मग विमान खात्याच्या कचेरीतून विचारणा आली: मूळ इंजिनिअरची सही कुठे आहे? सहीशिवाय नोंद म्हणजे नुसतं हस्ताक्षर, हे मला मान्य आहे. पण तेवढं सांगायला त्या कचेरीनं आठ महिने घेतले, दर खेपेला नवी त्रुटी काढून. पहिल्याच दिवशी पूर्ण यादी द्यायला काय हरकत होती? अजून संताप होतो. ओव्हरहॉलनंतरचे, म्हणजे इंजिन शेवटचं पूर्ण खोलून दुरुस्त केल्यानंतरचे, तास सिद्ध होईनात, म्हणून चांगलं चालणारं सी-९० इंजिन पूर्ण उघडावं लागलं.

वह्या आहेत तशाच पानागणिक स्कॅन करा, चिकटपट्टी लावू नका. लॉगबुकाचा पुढचा खंड परवानाधारक विमान इंजिनिअरकडूनच सुरू करून घ्या, मागच्या खंडाचा उल्लेख आणि एकूण तास त्याच्या सहीनं. गहाळ झालेल्या तासांसाठी फ्लाइंग क्लबची उड्डाण नोंदवही आणि त्या काळच्या वैमानिकांची स्वतःची लॉगबुकं शोधा. ती बहुतेकांनी जपलेली असतात.

नियमांचं म्हणाल तर पुष्पक पहिल्यांदा उडालं १९५८ साली, १९३७ च्या विमान नियमांच्या काळात. १९३४ चा कायदा जाऊन २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आलाय. विमान जुनं म्हणून नंतर आदेश काढून सक्तीच्या केलेल्या विमानातल्या दुरुस्त्या चुकत नाहीत, आणि इंजिन कॉन्टिनेंटल या अमेरिकी कंपनीचं असल्यानं अमेरिकेतून निघालेले आदेशही तपासावे लागतात. मी इंजिनिअर नाही, मालक म्हणून पोळलेला माणूस आहे. अंतिम शब्द तुमच्या इंजिनिअरचा.

जाता जाता पुष्पकच्या पंखांवरच्या कापडाचं. आमच्या घरी माग होते, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. अमेरिकी विमान-दुरुस्ती मार्गदर्शिकेत ग्रेड-ए (विमानासाठीच्या प्रतीचं) सुती कापड नवं असताना रुंदीच्या इंचाला ८० पौंड ताण सोसतं, ५६ च्या खाली बाद. हलक्या, संथ विमानांना ४६ पर्यंत चालतं. चाचणीची पट्टी पंखाच्या वरच्या अंगाची, गडद रंगाखालची काढायला सांगा. आपल्याकडच्या उन्हात तीच आधी मरते. खालच्या अंगाची काढली तर निकाल फसवा येईल.