टोंगातला ‘हाका’ आणि आपल्या हाका

प्रश्न असा आला आहे: टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात नृत्यातल्या हालचालींना ‘हाका’ म्हणतात, त्याचं आपल्या ‘हाक’शी काही नातं आहे का? आणि मराठीत लिहिताना ‘हस्तमुद्रा’ म्हटलं तर चालेल का?

नातं नाही. आपली ‘हाक’ प्राकृत ‘हक्का’वरून आली. ‘हाका’ पॉलिनेशियन, म्हणजे त्या महासागरातल्या बेटांवरच्या भाषांच्या कुळातला. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत त्याचा अर्थ सबंध नाच. हवाईत तोच शब्द ‘हाआ’ होतो, सामोआत ‘साआ’. टोंगात मात्र हाका म्हणजे नाचातली हातांची हालचाल. रग्बीच्या सामन्याआधी टोंगाचा संघ जे करतो ते ‘सिपी ताउ’, त्याला हाका म्हणू नये.

‘हस्तमुद्रा’ मला पटत नाही, कारण आपल्याकडे पताका, मयूर अशा मुद्रा नावानिशी ठरलेल्या असतात. टोंगात सगळं कवितेवर चालतं. ‘लाकालाका’ या समूहनृत्यात (‘लाका’ म्हणजे पाऊल टाकणं, चालणं) कधी शेकडो माणसं रांगांत उभी राहतात, पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे, आणि स्वतःच गात नाचतात. पाय ताल धरतात. मनगटं आणि हात शब्दांकडे निर्देश करतात. ते शब्दही सरळ बोलत नाहीत. फुलाचं नाव घ्यायचं आणि राजघराण्यातली व्यक्ती सुचवायची, गावाचं नाव घ्यायचं आणि घराणं सुचवायचं. याला ‘हेलिआकी’ म्हणतात. आपल्याला ‘लेकी बोले सुने लागे’ आठवेल, पण त्यात टोमणा आहे आणि हेलिआकीत बहुधा आदर. म्हणून ‘अन्योक्ती’ जवळची. म्हणजे हात सुचवतात शब्दांना आणि शब्द सुचवतात भलत्यालाच! हे दुहेरी आडून बोलणं मला फार सुंदर वाटतं, आणि ‘मुद्रा’ म्हटलं की तेच हरवतं.

काव्य, चाल, नृत्य तिन्ही रचणारा तो ‘पुनाके’. शाहीर जवळ येतो, पण शेकडोंचं नृत्य बसवणं त्याच्या कामात नाही. 1918 ते 1965 राज्य केलेली राणी सालोते ही मोठी पुनाके होती. युनेस्कोने 2003मध्ये लाकालाकाचा गौरव केला आणि 2008मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तेव्हा ‘हाका’ तसाच ठेवावा, पहिल्या वेळी ‘हातांच्या अर्थपूर्ण हालचाली’ असं सांगून. क्रियापद मात्र जपावं: नर्तक हाका ‘करतात’. ‘मारतात’ लिहिलंत तर वाचक कोणाला बोलावताहेत म्हणून पाहू लागेल.